आईची फेरी

आई जाऊन वर्ष झालं म्हणून सगळे थोरलीकडे जमले होते. जेवणं उरकली आणि आईच्या आठवणींना ऊत आला.

आईनं जन्मभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या आणि जन्मभर देवाला हाक मारली. नवरा तरणाताठा गेला, तरी देवाशी तिनं कधी अबोला धरला नाही. पहाटे उठून प्रार्थना करायची आणि मग घरभर फिरून निजलेल्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायची. आधी मुलांच्या, पुढं नातवंडांच्या. हाताला कायम खळीचा वास.

"अजून येते ती," धाकटी म्हणाली. "पहाटे हात ठेवते. देवाशपथ."

भाऊ एरवी थट्टा सोडायचा नाही. "मला वाटलं, माझ्याकडेच येते," तो म्हणाला.

"आजी माझा कानपण धरते," धाकटीची पोर म्हणाली.

थोरली शिलाई मशीन पुसत राहिली. लोकांचे कपडे शिवून आईला सांभाळलं तिनं, शेवटी न्हाऊमाखू घातलं तिनं, आणि हात मात्र सणासुदीला तोंड दाखवणाऱ्यांना! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, तुझ्याकडे येत नाही?"

"मी कुठं निजलेली असते गं? पहाटे शेगडी कोण पेटवतं? तू?"

खरंच होतं ते. आईला उठल्याउठल्या गरम पाणी लागायचं, म्हणून थोरली तिच्याही आधी उठायची. आईची फेरी तिच्या रिकाम्या उशीवरून पुढं जायची. आई गेली, सवय राहिली.

रात्री सगळे तिथंच मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे थोरली मुद्दाम उठलीच नाही. चोरासारखी डोळे मिटून पडून राहिली. शेजारी धाकटी आणि तिची पोर गाढ झोपल्या होत्या. पावलं वाजली नाहीत. आधी खळीचा वास आला. मग हात.

रुंद, कोरडा. अंगठ्यापाशी इस्त्रीच्या चटक्याचा खरखरीत वण.

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं हे सगळं दुसऱ्यांना मिळत होतं तर!

हात उचलला जाऊ लागला. पुढं धाकटी होती.

थोरलीनं मनगट घट्ट धरलं.

"आज नाही, आई. आज कुणाकडे नाही."

हात थांबला.

सकाळी धाकटी सारखी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून बघत होती. भाऊही. चहा घेऊन सगळे आपापल्या घरी गेले.

हात गेला नाही. थोरली मशीनवर बसली तरी केसांतून फिरत राहिला. माप द्यायला आलेल्या बाईनं तिच्या मागं पाहिलं.

"अहो, आजींना खुर्ची तरी द्या. केव्हाच्या उभ्या आहेत."

"तिला उभंच आवडतं," थोरली म्हणाली आणि टेप गळ्यात टाकली.

आठवड्यानं धाकटीचा फोन आला.

"ताई, पोरीचा ताप उतरत नाही गं. झोपेत आजीचा हात मागते." ती हुंदका गिळत होती. "आई आमच्याकडे यायचीच थांबली. तुझ्याकडे येते का?"

डोक्यावरचा हात एकदम उठू लागला. थोरलीनं तो आपल्या हातानं दाबून धरला.

"छे गं. माझ्याकडे कुठली यायला?"

तिनं फोन ठेवला.

हातानं पुन्हा उठायचं नाव घेतलं नाही. बोटं तेवढी हळूहळू मिटत गेली, केसांसकट.