शनिवारचा सहाचा तास

दारामागच्या खुंटीला सौनाची पिशवी भरून टांगलेली होती. टॉवेल, साबण, पाठ घासायचा ब्रश आणि एक छोटी डायरी.

हेइनी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. एक्याऐंशी वर्षांची एल्वी मुस्ताकाल्लिओ सहा आठवडे रुग्णालयाच्या निरीक्षण वॉर्डात होती. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर तिला कागदपत्रं झेपेनात, म्हणून कोर्टाने हेइनीला तिची सरकारी पालक नेमलं होतं. तिच्या वतीने सही हेइनीने करायची. उद्या बाराच्या आत एक सही उरली होती, हे भाड्याचं घर सोडल्याची. ती झाली की म्हातारीला परतायला जागाच नव्हती.

सकाळीच फोनवर एल्वी म्हणाली होती, "पोरी, मी वेडी नाही गं. कागदावर होतं तशी गेले."

कुठे गेली होती? नऊ ऑक्टोबरला, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, एल्वी तळघरातल्या सौनात, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या सामाईक न्हाणीत, उघडीवाघडी शिरली आणि आत शेजारचा कोर्पी दोन मेहुण्यांसह बसलेला! इमारतीत प्रत्येक घराचा आठवड्यातला एक तास ठरलेला. कोर्पीचा गुरुवारचा सातचा, एल्वीचा शनिवारचा सहाचा. तीस वर्षांत कधी चुकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या ताइस्तो रुओहोलाचं काळजीचं पत्र आलं. बाईंना वार कळत नाही, घरातून धूर येतो, दार सताड उघडं असतं. हेइनीच्या मुलीला त्या दिवशी ताप होता. पत्र एकदाच वाचून तिने एल्वीच्या तपासणीची शिफारस केली होती.

तिने डायरी उघडली. रेल्वेत वेळापत्रकं लावण्यात एल्वीचा जन्म गेला होता. दर सोमवारी तीच ओळ : 'यादी पाहिली. बदल नाही.'

सहा ऑक्टोबर : 'यादी पाहिली. बदल. गुरुवार, सात.'

वार विसरणारा माणूस 'बदल' कशाला लिहील?

खाली जिन्याजवळ कुलूपबंद काचेत सौनाच्या तासांची यादी होती. शनिवार सहा : रुओहोला. शेजारी ठळक सूचना, जिन्यात बाबागाडी ठेवू नये. आणि नेमकी तिच्याखालीच एक बाबागाडी.

"हलवणार नाही हं मी!" तळमजल्यावरची पिन्या बाळाला कडेवर घेऊन दारात आली.

"मला यादीचं विचारायचंय. ती कधी बदलते?"

"इथे मेल्याशिवाय कुणी आपला तास सोडत नाही. आणि यादी बघतो कोण? ज्याला त्याला आपला तास पाठ. ती एल्वीच काय ती वाचायची, पेपरासारखी."

"किल्ली कुणाकडे?"

"ताइस्तोकडे. ही सूचनाही त्याचीच. लावली त्याच दिवशी अख्ख्या फळ्याचा फोटो काढून मालकांना पाठवला मी."

"दाखवता?"

हेइनीने फोटोची तारीख पाहिली, तो आपल्या फोनवर घेतला आणि ती वर गेली.

ताइस्तोने दार उघडलं तेच कॉफीचा वास घेऊन. "या, या. वेलचीचा पाव गरम आहे. कशी आहे बिचारी?"

"धूर आणखी कुणी पाहिला, ताइस्तो?"

"मीच. बाकीच्यांना कुठे फुरसत?"

"उघडं दार?"

"तेही मीच."

"शनिवारच्या तासावर तुमचं नाव कधी लागलं?"

"ती वॉर्डात गेल्यावर. रांगेत पहिला मीच, नियमाने."

"त्याआधी कधीच नाही?"

"छे!"

हेइनीने फोटो पुढे केला. "हा सहा ऑक्टोबरचा. एल्वी घरीच होती. शनिवार सहा, रुओहोला. गुरुवार सात, मुस्ताकाल्लिओ. यादी एकटी एल्वी वाचते, हे तुम्हाला माहीत होतं. कोर्पी बघणार नाही, नेहमीसारखा जाऊन बसेल, हेही. किल्ली तुमची. चार दिवस खोटी यादी लावलीत, शुक्रवारी खरी लावलीत आणि मग पत्र लिहिलंत. धूर आणि दार तुमच्याशिवाय कुणी पाहिलंच नाही."

ताइस्तोने पावाची ताटली मागे ओढली.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मंगळवारी नऊला, सगळ्यांनी वापरून गार केलेल्या दगडांवर पाणी ओततोय मी. काय चोरलं मी तिचं? एक तास!"

"तास नाही, वार चोरलात. आणि चोरी पचली, कारण तुमचं पत्र मी एकदाच वाचलं."

सही झाली नाही. ताइस्तोची किल्ली गेली, वर तक्रारही झाली. मंगळवारचा तास मात्र त्याचा त्यालाच राहिला.

एल्वी घरी आली. पहिल्या शनिवारी हेइनी मुद्दाम मुलीला घेऊन गेली. सहाला दहा कमी. खाली दगड तापले होते. एल्वी मात्र पिशवी मांडीवर घेऊन दारातल्या स्टुलावर बसून होती.

"चला ना, एल्वी."

"आज शनिवार, नक्की?"

"नक्की. डायरी बघा की."

"माझं लिहिलेलं नको." तिने डायरी आणि पेन पुढे केलं. "तू लिही. खाली सही कर."

हेइनीने लिहिलं, 'आज शनिवार.' सही केली.

एल्वीने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "कागदावर तर तेव्हाही होतं गं."

सहा वाजून गेले, तरी ती उठली नाही.