महापुजारी कुठे निजला?

दगडी शवपेटीचं झाकण उचललं गेलं आणि सगळे आत डोकावले. पेटी रिकामी होती! ना ममी (मसाले लावून, कापडात गुंडाळून टिकवलेला मृतदेह), ना कापडाची चिंधी.

"मग महापुजारी नेफरहोर गेला कुठे?" शाल्मली पुटपुटली.

साल होतं २०५२. शाल्मलीची वसुधाआत्या पदार्थविज्ञानातली संशोधक. इजिप्तमधल्या या थडग्याच्या कामावर तिला बोलावलं होतं, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे शाल्मलीही सोबत आली होती.

उत्खननाच्या प्रमुख समीरा मन्सूर म्हणाल्या, "या भिंतीमागे आणखी एखादी खोली असणार. उद्या भिंत कापू."

शाल्मली भिंतीकडे वळली. त्या भिंतीवर नेफरहोरचं सगळं आयुष्य रंगवलेलं होतं. देवळात पाणी वाहणारा मुलगा, गच्चीवर तारे मोजणारा तरुण, मग खांद्यावर बिबट्याचं कातडं पांघरलेला सूर्यदेवाचा महापुजारी. तीन हजार वर्षांनंतरही त्याचे डोळे टवटवीत होते.

"नका ना कापू! आत्या, तू काहीतरी कर ना!"

आत्यानं समीराबाईंकडे पाहिलं. "आठवडाभर थांबाल?"

बाईंनी जरा विचार करून होकार दिला. आत्यानं ताटाएवढ्या चपट्या पाट्या जमिनीवर मांडल्या.

"यातून किरण सोडणार?" शाल्मलीनं विचारलं.

"छे, ते आपोआप येतात, या पाट्या फक्त त्यांची नोंद घेतात. दूरवर ताऱ्यांचे स्फोट होतात, तिथून निघालेले कण आपल्या हवेवर आदळतात. त्यातून म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण कितीतरी जड कण) जन्मतात आणि खाली बरसतात. आत्ताही तुझ्या तळहातातून दर सेकंदाला एखादा जातोय."

शाल्मलीनं दचकून हात पाहिला. "दुखत कसं नाही?"

"इतका सूक्ष्म असतो तो! दगडातूनही जातो, पण दगड जाड असेल तर बरेच म्युऑन वाटेतच अडतात. झाडाखाली बघ, पानं दाट असली की सावली गडद, विरळ असली की ऊन झिरपतं."

"म्हणजे... दगडात पोकळी असेल, तर तिथून जास्त म्युऑन येतील?"

"शाबास!"

आठव्या दिवशी पडद्यावर चित्र उमटलं. तिरके येणारे म्युऑन सांगत होते, भिंतीमागे नुसता भरीव कातळ आहे. पण छताच्या वर एक चौकोनी ठिपका लख्ख उजळला होता.

"वर?" समीराबाई थक्क झाल्या. "आम्ही सगळे खाली आणि मागे शोधत होतो!"

छताच्या कोऱ्या कोपऱ्यात बोटाएवढं भोक पाडून त्यांनी कॅमेरा वर सरकवला. पडद्यावर आधी अंधार, मग निळा रंग, मग सोनेरी तारे. चांदण्यांनी भरलेल्या त्या छताखाली, हात छातीवर घेऊन, नेफरहोर शांत निजला होता.

शाल्मली पडद्याजवळ सरकली. जन्मभर तारे पाहणाऱ्या माणसाला ताऱ्यांमुळे जन्मलेल्या कणांनीच शोधून दिलं होतं.

"त्याला बाहेर काढणार?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं," समीराबाई म्हणाल्या. "आपण पाहिलं, पुरे झालं. भोक बुजवून टाकू." मग त्या आत्याकडे वळल्या. "पलीकडच्या टेकडीत अजून कितीतरी बंद थडगी आहेत. तिथेही याल?"

आत्या काही बोलण्याआधीच शाल्मलीनं पहिली पाटी उचलली होती.