बुडालेल्यांचं टेबल

होड्या बांधा पोरांनो, बसा. नाने बाल्लारिन माझा सख्खा मावसभाऊ, म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच थापाड्या म्हणून हसलो असतो.

व्हेनिसमधल्या त्या जुन्या धर्मबंधूंच्या वास्तूचा नाने रखवालदार. माळ्यावरची खोली, तेवढंच त्याचं घर. कालव्यांत सापडलेली बेवारस प्रेतं धुऊन पुरायची, हे त्या बंधूंचं काम. तळमजल्यावर त्यासाठी संगमरवरी टेबल. कोण कधी येईल नेम नाही, म्हणून रात्री ते रिकामं ठेवायचं, असा रिवाज. बंधू संपले, रिवाज नानेनं पाळला.

आता तिथं मैफली होतात. वादक जुन्या काळचे पांढऱ्या केसांचे टोप घालून वाजवतात, लोक मान अवघडू नये म्हणून हातात आरसे धरून छताची सोनेरी नक्षी न्याहाळतात. आता वास्तू ज्यांच्या ताब्यात, त्या मैफली भरवणाऱ्या फाब्रित्सियाबाईंना मध्यंतराच्या खाण्यासाठी नेमकं तेच टेबल हवं होतं. नाने नको म्हणाला.

"शेवटचं प्रेत कधी आलं होतं?"

"चाळीस वर्षं झाली, बाई."

"मग मांडा. नाहीतर खोली सोडा."

सत्तरीत कुठं जाणार? मांडलं त्यानं. मला अजून शिसारी येते. जिथं फुगलेली माणसं धुतली, तिथं डुकराच्या मांसाचे काप, वाइन, आणि बोटं चाटत उभे असलेले ते पाहुणे.

गेल्या साली, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री पावणेअकराला शेवटचा पाहुणा गेला. उष्ट्या ताटल्या सकाळी उचलू म्हणून नानेनं कड्या घातल्या नि जिन्याकडे वळला.

मागे टपटप.

टेबलाशी कोणीतरी उभं. अंगावरून गाळ निथळतोय. ओहोटीच्या कालव्याचा वास... हात ताटल्या चाचपत होता. आडवं व्हायला जागा शोधत होता.

नव्हती.

मग ते वळलं. तोंडाला ओठ... ओठच नव्हते.

नाने वर पळाला. दार लावलं. पलंगाला टेकून खाली बसला.

जिन्यावर टप्... टप्...

दार वाजलं नाही. उघडलंही नाही. फक्त पाठीमागे पलंग करकरला.

सकाळी गादीत माणसाएवढा खळगा, गाळानं भरलेला. गादी जाळली, नवी आणली. पाहुणे गेले की रात्रीच ताटल्या उचलून टेबल पुन्हा मोकळं ठेवायला लागला, पण आता काय उपयोग? खोली नावाला नानेचीच आहे. निजतो जिन्यावर.

काल मी गेलो होतो. कोरड्या गादीवर चादर मी स्वतः घातली. दार ओढून आम्ही बाहेर कॉफी प्यायलो. परत आत गेलो तर...

उशी मधोमध दबलेली होती. आणि ओली.