खूण मागचीने उचलायची

बूट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने दोन्ही जोड उलटे केले, तळव्यांवरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "किती चाललात?"

"छप्पन्न दिवस," धाकटी म्हणाली.

"आणि तळवे अजून जागेवर? बुटांचं ठीक आहे हो, तुमचं काय?"

एरवी धाकटीने त्याला चांगलं खणखणीत उत्तर दिलं असतं. आज तिने नुसती मान हलवली. संध्याकाळी घेऊन जा, असं सांगून म्हाताऱ्याने खडूने बुटांवर आकडे टाकले आणि दोघी बहिणी रबरी चपला घालून रस्त्यावर आल्या.

डोंगररांगेच्या माथ्यावरून नव्वद दिवस चालायचं आणि दोन तृतीयांश वाट सरली की खाली उतरून दोन दिवस शहरात काढायचे, असं वर्षभर आधी ठरलं होतं. गरम पाण्याने अंघोळ, बुटांना नवे तळवे आणि मनसोक्त भटकंती. ठरवताना तिघी होत्या, आल्या मात्र दोघी. मधली, म्हणजे धाकटीची माई, सहा दिवसांपूर्वी धुक्यात मागे राहिली होती आणि अजून सापडली नव्हती.

शोधपथकाच्या प्रमुखाने दोघींना वरून जवळजवळ हाकललंच होतं. "इथे बसून तुम्ही आजारी पडणार आणि आमचं काम वाढवणार. बस उभी आहे, खाली जा. फोन चालू ठेवा."

लॉजच्या खोलीत धाकटीचा जीव घुसमटायला लागला. शहरात काय बघायचं याची यादी मधलीने तिच्या वहीत केली होती, आणि त्या पानाचा फोटो धाकटीच्या फोनमध्ये होता. छताखालचा जुना बाजार, संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा, चाळीस मजली इमारतीची गच्ची.

"ताई, आपण बघून ठेवू," धाकटी म्हणाली. "माई आली की तिला फुकटची वाटाडी मिळेल." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. थोरलीला नाही म्हणवेना.

तिघींची चालायची एक रीत होती. थोरली पुढे, धाकटी मध्ये आणि मधली सगळ्यात मागे, कारण दर पन्नास पावलांवर तिला काहीतरी बघायला थांबायचं असे. फाटा आला की थोरली तीन दगड मांडायची: एक सपाट, त्यावर दुसरा, आणि ज्या वाटेने जायचं त्या बाजूला तिसरा. मागची आली की तिने ते उचलायचे, म्हणजे दुसरं कोणी त्यावरून फसायला नको. खूण जागेवर असेल तर मागची यायची आहे, नसेल तर ती येऊन गेली. आणि पुढचीकडून खूण करायची राहूनच गेली, तर मागचीने रुंद वाट धरायची.

थोरलीने जमीन मोजणीच्या कचेरीत सोळा वर्षं काढली होती, त्यामुळे हाताला लागेल तो दगड तिला चालणार थोडाच! तिने पहिल्याच दिवशी नऊ हिरवट दगड निवडले आणि त्यांच्या पोटावर पांढऱ्या रंगाने एक ते नऊ आकडे घातले. "दगडांचीसुद्धा हजेरी घेणार का तू?" मधली चिडवायची. उचललेले दगड ती जॅकेटच्या खिशात टाकायची आणि संध्याकाळी परत करायची. तोवर चालताना तिचा खिसा खुळखुळत राही.

त्या दिवशी सकाळी या खुळखुळण्यावरूनच ठिणगी पडली. भांडणाला कारण लागतं असं नाही, आणि छप्पन्न रात्री एका तंबूत झोपल्यावर तर मुळीच नाही. पहिल्या दोन फाट्यांवर थोरलीने खुणा केल्या. खिंडीतल्या तिसऱ्या फाट्यावर पाऊस होता, बोटं बधिर झाली होती, पण खरं कारण ते नव्हतं. "तू हो पुढे, मी खूण करून येते," असं तिने धाकटीला सांगितलं आणि उरलेले तीन दगड खिशातून काढलेच नाहीत. बसू दे जरा शोधत, असं मनात म्हणून ती उजवीकडच्या अरुंद वाटेला लागली.

डावीकडची रुंद वाट जुन्या दगडखाणीत उतरत होती.

रात्री पथकप्रमुखाने विचारलं, तेव्हा धाकटी समोर बसली होती. थोरली म्हणाली, "खूण केली होती, उजवीकडे." वर तिने त्यांना मोजमापासकट नकाशाही काढून दिला. पथक तेव्हापासून उजवीकडची दरी पिंजून काढत होतं. सात, आठ आणि नऊ आकड्यांचे दगड थोरलीने त्याच रात्री दरीत भिरकावले, खिशात सापडू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर बहिणीची शिवी खाऊन सुटका झाली असती. आता रोज ते अधिक अवघड होत होतं, आणि रोज मधलीचा एक दिवस कमी होत होता. हे तिला कळत होतं. स्वतःची एवढी किळस तिला कधीच आली नव्हती, तरी जीभ रेटत नव्हती.

बाजारावर लोखंडी छत होतं. आत कुलपं, दोर, बादल्या, जुनी घड्याळं अशा गल्ल्या पडल्या होत्या आणि तेलाचा, ओल्या पोत्यांचा वास कोंडला होता. धाकटी पुढे चालली होती, थोरली मागे. दोन गल्ल्या एकमेकींना छेदत होत्या, तिथे जमिनीवर तीन दगड होते.

एक सपाट, त्यावर दुसरा, आणि डाव्या हाताला तिसरा.

लोकांचे पाय दगडांना वळसा घालून जात होते. खाली मात्र कोणीच बघत नव्हतं. थोरली वाकली आणि सवयीने दगड उचलून तिने खिशात टाकले. उचलताना पोटावरचे आकडे दिसले. एक, दोन, तीन.

"इथे हे कोणी ठेवले?" तिने कुलूपवाल्याला विचारलं.

"काय ठेवलं?"

"दगड."

"आत्ता झाडलंय मी इथे, बाई," कुलूपवाला म्हणाला आणि पुन्हा कानशीने किल्ली घासायला लागला.

थोरलीचं डोकं हिशेबी होतं, आणि त्याने ताबडतोब हिशेब मांडला. एक ते सहा दगड मधलीच्या खिशात होते. म्हणजे मधली जिवंत आहे. शहरात आली आहे आणि आपल्याला धडा शिकवते आहे. शिकवू दे! थोरलीने टाचा उंचावून सगळ्या गल्ल्या न्याहाळल्या. धाकटीला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दगडांची गोष्ट निघाली असती, तर त्या फाट्याचीही निघाली असती.

डावीकडची गल्ली थेट संग्रहालयाच्या रस्त्याला निघाली.

देवमाशाचा सांगाडा एका लांबलचक दालनात तारांनी टांगला होता. दुपारची वेळ, आत चिटपाखरू नव्हतं. धाकटी बाटलीत पाणी भरायला गेली. थोरली फासळ्यांखालून चालत गेली आणि शेपटीपाशी थांबली. मोकळ्या फरशीवर खूण होती. चार, पाच, सहा.

दगड गार होते आणि ओले होते, डोंगरावरच्या पावसात भिजल्यासारखे. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. थोरलीने ते तळहातावर घेतले, आजूबाजूला पाहिलं, बहिणीचं घरातलं नाव हळूच उच्चारलं. कोणी ओ दिली नाही. मग ती खाली बसली आणि तोंडात रुमाल कोंबून रडली. धाकटी परत येईपर्यंत तिने डोळे कोरडे केले होते.

"काय गं?"

"काही नाही. धूळ आहे इथे."

गच्चीवर जायची लिफ्ट काचेची होती. शहर खाली खाली जात राहिलं. थोरली खिशावर हात दाबून उभी होती, कारण लिफ्ट हलली की आतले दगड वाजत होते.

"कसला आवाज येतोय?" धाकटीने विचारलं.

थोरलीने खिशावरचा हात आणखी घट्ट दाबला.

वर सोसाट्याचा वारा होता. या वेळी धाकटीनेच आधी पाहिलं. छातीएवढ्या कठड्यावर तीन हिरवट दगड होते, वाऱ्याला न जुमानता नीट रचलेले.

"ताई, हे तू केलंस?"

"मी तुझ्याबरोबर आत्ता आले ना वर!"

धाकटीने वरचा दगड उलटा केला. मग खालचा. मग बाजूचा.

"सात, आठ, नऊ," ती म्हणाली. "हे कुठले होते गं?"

थोरली तिसऱ्या दगडाच्या जागेकडे बघत होती. तो शहराबाहेर दाखवत होता, क्षितिजावरच्या डोंगराकडे. सोळा वर्षं दुर्बिणीतून सरळ रेषा बघितलेल्या डोळ्यांना पट्टी लागत नाही. रेषा खिंडीच्या डावीकडे जात होती. तिथे डोंगराच्या अंगावर एक पांढुरका डाग होता. दगडखाण.

"ते मी दरीत फेकले होते," थोरली म्हणाली.

"का?"

"मी खूण केलीच नव्हती."

धाकटीने हातातला दगड कठड्यावर ठेवला.

"मुद्दाम नाही केली. राग आला होता मला. ती रुंद वाटेने गेली असणार. डावीकडे."

धाकटीने थोबाडीत मारली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण धाकटीने फोन काढून पुढे धरला.

"पथकाला लाव," ती म्हणाली.

थोरलीने कठड्यावरचे तिन्ही दगड खिशात टाकले आणि बूट घेऊन दोघींनी संध्याकाळची बस धरली. रात्री खाणीत उतरता येणार नव्हतं, म्हणून सकाळी पथकाबरोबर त्या रुंद वाटेने उतरल्या. पाऊस नुकताच थांबला होता आणि धुकं होतं. खाणीच्या काठाला कामगारांची पत्र्याची एक पडकी खोली होती. मधली तिथे भिंतीला टेकून बसली होती. घोट्यापासून पाय मोडला होता. पावसाचं पाणी धरायला तिने पत्र्याच्या धारेखाली डबा ठेवला होता, आणि तो भरून वाहत होता.

पथकाबरोबरच्या डॉक्टरांनी खूप वेळ घेतला. "जाऊन चार दिवस झाले असावेत," शेवटी ते म्हणाले.

थोरलीने मोजलं. मोजल्यावाचून तिला राहवेना. म्हणजे मधली इथे तीन दिवस जिवंत होती. तीन दिवस ती खूण करणाऱ्यांची वाट बघत होती.

मधलीच्या मांडीवर वही होती. प्रमुखाने ती धाकटीकडे दिली. धाकटीने एक पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि थोरलीच्या हातात ठेवलं. कालपासून पहिल्यांदाच तिने बहिणीकडे सरळ पाहिलं.

ती यादीच होती. तिन्ही ओळींपुढे पेन्सिलने बरोबरच्या खुणा होत्या. बाजारापुढे काही लिहिलं नव्हतं. सांगाड्यापुढे मधलीच्या बारीक अक्षरात होतं: 'ताई रडली. माझ्यासमोर कधी रडत नाही.' आणि गच्चीपुढे: 'सांगितलं एकदाचं.'

मधलीच्या जॅकेटचे खिसे रिकामे होते. थोरलीने एक ते सहा दगड तिच्या खिशात ठेवले आणि चेन लावली. ते तिने उचलायचेच होते.

चौघांनी स्ट्रेचर उचललं. सगळ्यात पुढे धाकटी, मग स्ट्रेचर, आणि पाय उचलत नसल्यामुळे थोरली मागे, बरंच मागे. चढ चढून ती फाट्यावर आली तेव्हा बाकीचे वळणापलीकडे गेले होते. फाटा तसाच होता. एक रुंद वाट, एक अरुंद.

थोरली गुडघ्यावर बसली. तिने खिशातून सात, आठ आणि नऊ काढले. सपाट दगड आधी, त्यावर दुसरा, आणि घराच्या वाटेच्या बाजूला तिसरा. आठवड्यापूर्वी करायचं काम तिने नीट केलं.

"चल गं," ती म्हणाली.

वीसेक पावलांवर तिने मागे वळून पाहिलं.

फाट्यावर दगड नव्हते. चिखलात त्यांचे दोन ठसे होते, आणि त्यात हळूहळू पाणी भरत होतं.

थोरलीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. पुढचे लोक दिसेनासे झाले होते, त्यांचा आवाजही येत नव्हता. ती पुन्हा चालायला लागली. मागे, धुक्यात, पन्नास पावलं खुळखुळ व्हायची, मग थांबायची, आणि काहीतरी बघून झालं की पुन्हा सुरू व्हायची.