अठरा किलो चारशे

बातमी आली त्या दुपारी मी वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकला टॉर्च धरून उजेड दाखवत होतो. मी फोन ठेवला तेव्हा तो मशीनमागून म्हणाला, "झालं साहेब. चालू करून बघू?" मी हो म्हणालो. रिकामं मशीन बराच वेळ फिरत राहिलं. माझी बायको ज्या विमानात होती, ते समुद्रावर असताना रडारवरून नाहीसं झालं होतं.

विमान सापडलं नाही. एक तुकडासुद्धा नाही. तिची बॅग मात्र होती. वाटेत तिला विमान बदलायचं होतं. ती धावतपळत चढली आणि बॅग मागे राहिली. ती बॅग नंतर परत आमच्या शहरात आली.

मी घ्यायला गेलो. विमानतळाच्या तळघरातलं सामानघर, रबराचा वास, एका ट्यूबलाइटची सतत घरघर. तिथले कारकून फार सभ्य होते. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

"प्रवाशाला स्वतः यावं लागेल."

"ती त्या विमानात होती."

"मग त्यांचं अधिकारपत्र आणा."

बोलून ते ओशाळले. "नाहीतर मग मृत्यूचा दाखला. नियम मी नाही केलेला, साहेब."

पडून राहिलेल्या बॅगेचं दर महिन्याच्या एक तारखेला वजन करायची तिथली पद्धत. आतून कुणी काही काढलं नाही, याचा तो पुरावा. मी एक तारखेला जाऊ लागलो. काट्यावर तिची बॅग बघायची, एवढंच.

प्रवासाच्या दिवशी बॅगेला लावलेल्या पट्टीवर लिहिलं होतं अठरा किलो चारशे. पहिल्या महिन्यात सतरा नऊशे भरलं. "काटा जुना झालाय," कारकून म्हणाले. पुढे सोळा सातशे. मग पंधरा. त्यांनी दहा किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर दहावर थांबला. बॅगेचं सील जसंच्या तसं होतं.

"आत काय होतं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"कपडे. थंडीचे."

त्यांनी पंधराचा आकडा वहीत लिहिला.

त्या रात्री मला किती महिन्यांनी झोप लागली. पण सकाळपासून डोक्यात एकच. तिनं कोणते कपडे नेले? स्वेटर नेला का? ते कळायला बॅग उघडायला हवी, आणि बॅग हवी तर दाखला हवा. मी कोर्टात अर्ज केला.

मुलगी म्हणाली, "बाबा, एका बॅगेसाठी आईला मेली म्हणून लिहून देताय?"

"कागदावर फक्त."

"तुम्हाला कागदावरचं पुसता येतं का?"

मी चिडलो. वजनाचं तिला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तारखा पडत राहिल्या, बॅग हलकी होत राहिली. शेवटी नऊ किलोवर आली होती. दीड वर्षानं निकाल लागला.

दाखला घेऊन गेलो तेव्हा कारकून उभेच होते. बॅग एका पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली होती. ट्रेमध्ये पाणी.

"निकाल कधी लागला?" त्यांनी विचारलं.

"बारा तारखेला. दुपारी."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. तेरा तारीख, सकाळ. सफाईवाल्या बाईंची तक्रार : बॅगेखाली पाणी साचलंय.

"छत गळतं का?"

"नाही... रोज पुसतो. रोज येतं." ते थांबले. "खारट वास आहे, साहेब."

"सील?"

"तसंच आहे..."

त्यांनी बॅग काट्यावर ठेवली. त्यांना एकट्याला उचलेना, मी हात लावला. सव्वीस किलो. त्यांनी आकडा लिहिला, माझा दाखला फाइलला लावला आणि पावती पुढे सरकवली. 'बॅग मिळाली', आणि खाली सहीची जागा.

मी बॅगेवर तळवा ठेवला. ती ओलीचिंब होती, पण गार नव्हती. बराच वेळ कुणी अंगाशी धरून ठेवावी, तशी कोमट होती.

कारकून माझ्याकडे बघत नव्हते.

त्याला आता चार महिने झाले. दाखला त्यांच्या फाइलमध्ये आहे, बॅग त्यांच्या सामानघरात. पावतीवर मी सही केलेली नाही.