बंद दाराआडचं वाक्य

“माझी तान्ही मुलगी उद्या नणंदेकडे पाठवताहेत. आजच काहीतरी करा हो!”

वैद्यकीय तक्रार मंडळाच्या अधिकारीबाईंनी फोन ठेवला, डोळे चोळले. पुन्हा चपला पायात सरकवल्या.

समुपदेशन केंद्रात मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे बसले होते. तक्रार करणारी आई, तिचा नवरा, मान खाली घातलेली तरुण समुपदेशक. डॉक्टर सारखे घड्याळाकडे बघत होते.

“काय बोललात आत, ह्या ताईंपाशी?” अधिकारीबाईंनी आईला विचारलं.

“मूल रडायचं थांबेना, तेव्हा वाटलं, बागेतल्या बाकावर ठेवावं आणि निघून जावं. गेले नाही हो! नुसतं वाटलं. आणि सासूबाई म्हणतात, ‘लेकराला स्टेशनवर टाकून पळणार होतीस ना?’”

“आणखी कुणाला सांगितलं होतंत?”

“भिंतीलासुद्धा नाही.”

“इथे तक्रार केलीत?”

“केली की. डॉक्टर म्हणाले, घरचं घरात मिटवा.”

डॉक्टरांनी हात झटकला. “नवी मुलगी आहे, कुठेतरी बोलली असेल. काढून टाकतो तिला. विषय संपला.”

“माझा नाही संपला,” अधिकारीबाई म्हणाल्या. “हिला इथे पाठवलं कुणी?”

“माझ्या आईनं,” नवरा म्हणाला. “डॉक्टर तिच्या माहेरचे. लहानपणापासूनची ओळख. त्यांनीच ह्या ताईंकडे दिलं.”

अधिकारीबाई समुपदेशकाकडे वळल्या. “अवघड केस आली की काय करता?”

“ह्या सरांचा सल्ला घेते. नाव गाळते, एखादी खूणही बदलते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून. तसंच शिकवलंय आम्हाला.”

“ही केस आणखी कुणाला सांगितली?”

“कुणालाच नाही. शपथ.”

अधिकारीबाईंनी दमून भिंतीला डोकं टेकलं.

“मग ऐका. ताईंच्या खोलीत बोलली गेली ती बाग. घरी पोचलं ते स्टेशन. ताई, बागेचं स्टेशन तुम्ही केलंत?”

समुपदेशकाचा हात तोंडावर गेला. “हो... सरांशी बोलताना.”

“चुगली तुम्ही केली असती तर बागच पोचली असती. स्टेशन ऐकलेला माणूस एकच. आणि नाव गाळून काय उपयोग? पेशंट त्यांनीच पाठवलेली.” त्या डॉक्टरांकडे वळल्या. “वर तक्रारही तुमच्याकडेच आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “काळजीपोटी बोललो. लेकराला काही झालं असतं तर?”

“काळजी होती तर आईला विचारायचं. तिच्या पाठीमागे आजीला नाही.”

 समुपदेशक हलकेच रडत होती.

“केंद्रानं कानाडोळा केला की मंडळाकडे यायचं असतं. आलात ते बरं केलंत,” अधिकारीबाई त्या आईला म्हणाल्या. “पण निकालाला वेळ लागेल. हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. दमाल.”

“दमलेलीच आहे मी.”

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, मग घरी फोन लावला. “आई, बाळाची पिशवी भरू नकोस. कुठे जायची नाही ती... नाही, मी सांगतोय. येतोय आम्ही.”

फोनमधून रडणं ऐकू आलं, भुकेलं, चिडलेलं.

त्यानं मागे वळून बायकोला हाक मारली, तेव्हा ती जिना उतरूनही गेली होती.