ओढ्याकाठची शीव

पहाटेचा उजेड सांदणगडाच्या माचीवर उतरला, तरी पश्चिम पायथ्याचे धामणखेड अजून गडाच्या सावलीत होते. गडाचा घेरा ओढ्यापर्यंत. तेवढी जमीन सरकारची. ओढ्यापलीकडे बारा कुणब्यांची वंशपरंपरेची मिरास, आणि मिरासदाराने राजीखुशीने विकल्याखेरीज ती सरकारलाही घेता येत नसे, असा राज्याचा जुना दंडक होता. गडाचे हवालदार अर्जोजीरावांना मात्र नव्या पागेसाठी तीच जमीन हवी होती. कुणबी विकेनात, तेव्हा रावांनी दावा मांडला की घेरा मुळातच ओढ्यापलीकडच्या टेकाडापर्यंत आहे.

शीव सांगण्याचा अधिकार गावच्या महाराचा. येसनाक गोतसभेपुढे उभा राहिला.

"गडाची सावली पडते तिथवर सरकारची जमीन," हवालदार म्हणाले.

"जोहार, मायबाप. पर दुपारी सावली गडाच्या बुडाशी जाती. तवा जमीन माघारी द्याल जी?"

कोणीतरी हसले आणि लगेच खोकले.

"जीभ लांब आहे तुझी. डोईवर माती घेऊन चालशील?"

"चालतो."

खरेखोटे ठरवणाऱ्या या दिव्याची रीत साऱ्यांना ठाऊक होती. शिवेची माती डोक्यावर घेऊन महाराने शीव चालून दाखवायची. पंधरा दिवसांत त्याच्या घरावर अरिष्ट आले, तर तो खोटा. येसनाक ओढ्याच्या काठाकाठाने, मागे न पाहता, शेवटच्या दगडापर्यंत चालला.

चौदाव्या दिवशी भर दुपारी त्याचे घर पेटले. गडाचे दोन प्यादे ओढ्याकडे पळताना त्याला दिसले. पारावर बसलेल्या नरसोजी पाटलांनाही दिसले. आत निजलेली येसनाकाची आई बाहेर आलीच नाही.

गोतसभा पुन्हा बसली.

"पाटील, तुमीबी बगितलं न्हवं प्याद्यांस्नी?"

पाटलांनी मान वर केली नाही. "येसनाका, आग कोणी लावली हे दिव्य विचारत नाही. लागली का, एवढंच विचारतं."

घेरा टेकाडापर्यंत, असा निवाडा लिहिलेला महजराचा कागद फिरू लागला. पाटलांनी नांगर काढला, सुताराने वाकस, कुंभाराने चाक. ज्याची त्याची निशाणी. कागद येसनाकापुढे आला. त्याने विळा काढायचा होता. त्याने लेखणी उचलली, नीट पाहिली आणि जमिनीवर ठेवली.

"माय जळाली माजी. शीव न्हाई हालली."

प्याद्यांनी त्याला तिथूनच गावाबाहेर घातले. विळा त्याच्या चुलतभावाने काढला.

दसऱ्याआधी राजधानीतून चौकशी आली, की कोणाची मिरास जबरीने घेतली काय? हवालदारांनी महजर पुढे केला. कागद चोख होता, दंडक कुठेही मोडला नव्हता. बारा कुणब्यांपैकी सात जण पुढे त्याच पागेत लीद उचलायला राहिले. महजरावर निशाणी त्यांचीही होती.